आजार कमी, मृत्यू जास्त

अमेरिकेत गोऱ्या स्त्रियांपेक्षा कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनाचा कर्करोग थोडा कमीच होतो. तरी त्याने मरण्याचे प्रमाण त्यांच्यात सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहे. असे का?

पुढे हा आजार होण्याचा धोका किती, हे मोजायला तिथे गेल मॉडेल वापरतात. वय, पहिली पाळी, पहिले बाळंतपण, आई-बहिणीचा आजार असे प्रश्न विचारून ते आकडा काढते. १९८९ साली ते गोऱ्या स्त्रियांच्या माहितीवरून बनले. २००७ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांच्या माहितीवरून नवे मॉडेल आले. तेव्हा दिसले की जुना हिशेब त्यांचा धोका, विशेषतः पंचेचाळिशीनंतरचा, कमी दाखवत होता. ज्यांची नोंदच घेतली नाही, त्यांचा हिशेब चुकणारच.

शिवाय ट्रिपल निगेटिव्ह हा झपाट्याने वाढणारा प्रकार त्यांच्यात जवळपास दुप्पट आढळतो. पण सगळा दोष शरीराचा नाही. विमा नाही, तपासणीला उशीर, उपचारात खंड. यामुळे वाचू शकल्या असत्या अशाही दगावतात.

उशीर आपल्या वस्तीतही होतो. म्हणून भगिनींनो, आम्ही सांगतो: आई-बहिणीला नव्हता म्हणून निर्धास्त राहू नका, बहुतेक रुग्णांच्या आई-बहिणीला तो झालेला नसतो. गाठ दुखत नसली तरी दाखवा. स्तनाग्र आत ओढले गेले, रक्त आले, कातडीला खळगा पडला, तरीही दाखवा. तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी मोफत होते. जाताना शेजारणीलाही सोबत न्या.