श्वासपटल लुळं पडलं म्हणजे

खोकल्यासाठी एक्स-रे काढावा आणि रिपोर्टात यावं, ‘डावं श्वासपटल वर उचललेलं, लकवा असावा.’ लकवा म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांपुढे अर्धांगवायूच उभा राहतो. पण इथे दोष बहुधा मेंदूत नसतो. मानेतून निघून हृदयाला लगटून खाली उतरणारी फ्रेनिक नस दुखावलेली असते: हृदयाच्या शस्त्रक्रियेत, गाठीच्या दाबाने, अपघातात, कधी नागिणीनंतर. कित्येकदा कारण सापडतच नाही.

मग ‘आता जन्मभर व्हेंटिलेटर का?’ एकच बाजू गेली असेल तर सहसा नाही. जिना चढताना धाप लागते, काहींना तेवढीही नाही. खांद्याच्या शस्त्रक्रियेसाठी मानेत भुलीचं इंजेक्शन देतात, तेव्हा त्या बाजूचं श्वासपटल बहुतेकदा काही तास बंद पडतं आणि रुग्णाला पत्ताही लागत नाही. आधीपासून फुप्फुसाचा आजार किंवा लठ्ठपणा असेल, तर मात्र हीच गोष्ट जड जाते.

दोन्ही बाजू गेल्या की प्रकरण वेगळं. आडवं होताच पोटातले अवयव छातीकडे रेटले जातात. माणूस खुर्चीत बसून रात्र काढतो. साहजिकच संशय हृदयावर जातो. छातीभर पाण्यात उतरल्यावर जीव घाबरा होत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावं. बसून आणि झोपून फुंकण्याची चाचणी केली, तर झोपल्यावर श्वासाची क्षमता ३० टक्क्यांहून अधिक घसरलेली दिसते.

सगळ्यात घातक समज ऑक्सिजनचा. दम लागतो म्हणून सिलिंडर आणायचा! पण इथे भाताच हलत नाही. झोपेत कार्बन डायऑक्साइड साचतो, सकाळी डोकं दुखतं, दिवसा पेंग येते. नुसत्या ऑक्सिजनने बोटावरचा आकडा सुधारतो, साचणं मात्र वाढू शकतं. रात्री मास्क लावून श्वासाला जोर देणारं बायपॅप बहुधा कामी येतं. खोल श्वास नाही म्हणून फुप्फुसाचा तळ मिटतो, कफ अडतो, न्यूमोनिया होतो. तेव्हा साधा तापही अंगावर काढू नये.

‘सहा महिन्यांत फरक नाही, म्हणजे संपलं’ हेही घाईचं. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. वर्ष-दोन वर्षं लागू शकतात. टाके घालून सैल श्वासपटल ताठ करणारी शस्त्रक्रिया ते पुन्हा हलवत नाही, फुप्फुसाला जागा करून देते. आणि विजेच्या झटक्यांनी श्वासपटल हलवणारं यंत्र? ‘सुपरमॅन’ क्रिस्टोफर रीव्हला ते २००३ मध्ये बसवलं होतं. पण त्याची इजा मानेच्या अगदी वरच्या मणक्यांत होती. फ्रेनिक नस शाबूत होती. ज्याची नसच तुटली आहे, त्या श्वासपटलाला नुसतं ते यंत्र हलवू शकत नाही.