डुलुथचा संघ आणि शॅनन मिलर

मिनेसोटा विद्यापीठाच्या डुलुथ शाखेनं महिलांचा आइस हॉकी संघ काढायचं ठरवलं आणि त्यासाठी प्रशिक्षक म्हणून शॅनन मिलर यांना बोलावलं, तेव्हा त्यांच्या हाती सोपवायला एकही खेळाडू नव्हती. डुलुथ हे सुपीरियर सरोवराच्या पश्चिम टोकाचं बंदर. इथून लोहखनिजाच्या बोटी भरून जातात, हिवाळा लांबलचक आणि कडक असतो. संघाचा पहिला हंगाम 1999-2000 चा. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांची शिखर संस्था असलेल्या एनसीएएनं 2001 मध्ये महिलांची आइस हॉकी अजिंक्यपद स्पर्धा पहिल्यांदा भरवली, ती या नवख्या संघानं जिंकली. 2002 ची जिंकली. 2003 चीही जिंकली.

आपल्याकडे महाविद्यालयातले खेळ बहुधा एखादे क्रीडाशिक्षक सांभाळतात. अमेरिकेत प्रशिक्षकपद ही पूर्णवेळ, कराराची आणि चांगल्या पगाराची नोकरी असते, आणि करार संपला की ती जातेही. मिलर यांच्या कारकिर्दीत या नोकरीची दोन्ही टोकं दिसतात.

मिलर मूळच्या कॅनडाच्या सॅस्कॅचेवन प्रांतातल्या. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन त्या कॅलगरी शहराच्या पोलीस दलात रुजू झाल्या आणि नोकरी सांभाळून मुलींना हॉकी शिकवू लागल्या. त्या काळी महिला हॉकीच्या प्रशिक्षणावर पोट भरणं जवळपास अशक्य होतं. 1997 मध्ये त्या राष्ट्रीय महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक असताना कॅनडानं विश्वविजेतेपद मिळवलं. पुढच्याच वर्षी जपानमधल्या नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये महिला आइस हॉकीला प्रथमच स्थान मिळालं.

नागानोला जाण्याआधी त्यांनी एक निर्णय घेतला, तो आजही कॅनडात वादाचा विषय आहे. अँजेला जेम्स ही त्या पिढीची सर्वांत नावाजलेली खेळाडू, पण मिलर यांनी तिला ऑलिंपिक संघातून वगळलं. अंतिम सामन्यात अमेरिकेनं कॅनडाला 3-1 असं हरवलं. रौप्यपदक मिळालं, पण कॅनडात ते पराभव म्हणूनच मोजलं गेलं. जेम्स 2010 मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये गेली, तिथं मान मिळवणाऱ्या पहिल्या दोन महिलांपैकी एक म्हणून. संघनिवड हा प्रशिक्षकाच्या कामातला सर्वांत निष्ठुर भाग आहे, आणि त्याचा हिशेब लोक वर्षानुवर्षं मागत राहतात. नागानोच्या त्याच संघात एकोणीस वर्षांची हेली विकेनहायझर होती. ती पुढं जगातली सर्वोत्तम महिला हॉकीपटू मानली गेली आणि 2018 मध्ये लडाखला येऊन तिथल्या गोठलेल्या मैदानांवर मुलींबरोबर खेळून गेली.

या खेळात एका वेळी गोलरक्षकासह सहा जणी बर्फावर असतात आणि वीस मिनिटांची तीन सत्रं होतात. वेग इतका असतो की पाऊण-एक मिनिटात दम निघतो, म्हणून खेळ चालू असतानाच खेळाडू बदलतात. बाकामागं उभी असलेली प्रशिक्षक कोणती तुकडी कुणासमोर उतरवायची हे क्षणाक्षणाला ठरवत असते. महिलांच्या खेळात अंगावर धडकून पाडायला मनाई असल्यामुळं धसमुसळेपणापेक्षा स्केटिंग आणि अचूक पास यांना जास्त मोल येतं. हे झालं सामन्याच्या दिवशीचं. खरं काम मात्र त्याच्या एक-दोन वर्षं आधी सुरू होतं. शाळकरी मुलींचे सामने पाहत फिरायचं, आईवडिलांशी बोलायचं, फी, राहणं आणि जेवण यांचा खर्च भागवणाऱ्या मोजक्या शिष्यवृत्त्या कुणाला द्यायच्या हे ठरवायचं. चार वर्षांनी पदवी घेऊन मुली निघून जातात, की पुन्हा पहिल्यापासून.

इथं मिलर यांनी वेगळी वाट धरली. मिनेसोटा आणि ओंटारियोतल्या गुणी मुलींवर सगळ्याच विद्यापीठांचा डोळा होता. हार्वर्डचं नाव किंवा मिनीआपोलिससारखं शहर डुलुथकडं नव्हतं. त्यांनी थेट युरोप गाठला. स्वीडनच्या मारिया रूथ आणि एरिका होल्स्ट, फिनलंडची हान्ने सिकिओ पहिल्याच तुकडीत आल्या. त्यांच्या देशांत मुलींना रोजचा दर्जेदार सराव आणि कसदार सामने मिळणं अवघड होतं. डुलुथमध्ये ते मिळत होतं आणि शिवाय पदवी. 2003 च्या अंतिम सामन्यात, डुलुथच्याच मैदानावर, हार्वर्डविरुद्ध दुसऱ्या जादा सत्रात 4-3 असा विजयी गोल केला तो नोरा टालुस या फिनिश मुलीनं.

याचं सर्वांत मोठं फळ अमेरिकेलाच चाखावं लागलं. 2006 च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये उपांत्य सामन्यात स्वीडननं बलाढ्य अमेरिकेला पेनल्टी शॉट्सवर 3-2 असं हरवलं. तोवर मोठ्या स्पर्धांत अमेरिकेला कॅनडाखेरीज कुणी हरवलंच नव्हतं. त्या सामन्यात स्वीडनचे दोन्ही गोल आणि निर्णायक पेनल्टी शॉट मारिया रूथचे होते, आणि गोलपोस्टमध्ये किम मार्टिन होती. तीही पुढं डुलुथला आली आणि 2008 च्या अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनला तिनं एकही गोल करू दिला नाही. 2010 मध्ये डुलुथनं कॉर्नेलवर तिसऱ्या जादा सत्रात मात केली. दहा वर्षांत पाचवं विजेतेपद! एका विद्यापीठानं दिलेल्या संधीमुळं दुसऱ्या देशाच्या राष्ट्रीय संघाची उंची वाढावी, हे मिलर यांच्या कामाचं चषकांहून मोठं मोजमाप आहे.

डिसेंबर 2014 मध्ये, ऐन हंगामात, विद्यापीठानं मिलर यांचा करार पुढं वाढवणार नसल्याचं जाहीर केलं. कारण सांगितलं आर्थिक. महिला आइस हॉकीतल्या सर्वाधिक पगार घेणाऱ्या प्रशिक्षकांत त्यांची गणना होत होती आणि विद्यापीठ तुटीत होतं. पण त्याच सुमारास पुरुष संघाचे प्रशिक्षक स्कॉट सँडेलिन यांचा करार मात्र वाढवण्यात आला. त्यांच्या नावावर तेव्हा एक राष्ट्रीय विजेतेपद होतं. उरलेला हंगाम मिलर बाकामागं उभ्या राहिल्या, नोकरी गेल्याचं प्रत्येक खेळाडूला ठाऊक असताना.

2015 मध्ये त्या न्यायालयात गेल्या. मार्च 2018 मध्ये ज्यूरीनं निकाल दिला की विद्यापीठानं त्यांच्याशी स्त्री म्हणून भेदभाव केला आणि महिला खेळाडूंना मिळणाऱ्या असमान वागणुकीबद्दल त्यांनी केलेल्या तक्रारींचा सूड उगवला. भरपाई ठरली सुमारे 37 लाख 40 हजार डॉलर. महाविद्यालयीन संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदावर त्या परत आल्या नाहीत.

या निकालाचा एक आधार होता टायटल नाइन हा 1972 चा कायदा. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगावरून भेदभाव करायला तो मनाई करतो. त्यामुळं मुलींचे संघ झपाट्यानं वाढले आणि त्यांच्यासाठी पैसाही आला. पण पैसा आला तसे पुरुष प्रशिक्षकही आले. 1972 मध्ये अमेरिकी महाविद्यालयांतल्या महिला संघांपैकी 90 टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रिया होत्या. 2014 पर्यंत हे प्रमाण 43 टक्क्यांवर आलं. त्या पुरुषांतले काही उत्तमच आहेत. 1980 च्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला हरवणाऱ्या अमेरिकी संघातले मार्क जॉन्सन 2002 पासून विस्कॉन्सिनच्या मुलींना घडवत आहेत, आणि 2025 पर्यंत त्यांनी आठ विजेतेपदं मिळवली. प्रश्न त्यांच्या गुणवत्तेचा नाही. मुलींच्या संघांचं महत्त्व वाढत असताना त्यांना घडवणाऱ्या स्त्रियांचा वाटा का आकसत गेला, हा आहे.

आइस हॉकीतच पाहा. 2002 ते 2005 या चारही वर्षी एनसीएएच्या अंतिम सामन्यात दोन्ही बाकांमागं स्त्रीच मुख्य प्रशिक्षक होती. पहिल्या दोन वर्षी त्यांतली एक मिलर. त्यानंतर असा अंतिम सामना थेट 2022 मध्ये झाला. ओहायो स्टेटच्या नादीन मुझेराल यांच्या संघानं तो 3-2 असा जिंकला. हरलेला संघ डुलुथचा होता आणि त्याच्या प्रशिक्षक होत्या मॉरा क्रोवेल. मिलर यांची जागा 2015 मध्ये त्यांनीच घेतली होती.