जुळ्या कोकरांचा जनुक

दख्खनी मेंढी एका वेताला बहुतेक एकच कोकरू देते. पाच महिने गाभण राहायचं, वाड्याबरोबर रानोमाळ चालायचं आणि पदरात पडायचं एक कोकरू. लोकरीला आता भाव उरलेला नाही, त्यामुळे धनगराचं घर चालतं ते कोकरांच्या विक्रीवर. बंगालच्या सुंदरबनातली गारोल मेंढी अंगानं अगदी लहान, पण तिला जुळी सर्रास होतात, तिळीही होतात. हा फरक चाऱ्यातून आलेला नाही. तो अंडाशयात आहे.

मेंढी गाभण राहिली नाही, तर साधारण १७ दिवसांनी पुन्हा माजावर येते. या दिवसांत तिच्या अंडाशयात बीजपुटिका वाढत असतात. पुटिका म्हणजे पाण्यानं भरलेला बारीकसा फोड, त्यात एक बीजांड. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी एफएसएच नावाचं संप्रेरक रक्तात सोडते आणि त्यावर अनेक पुटिका एकदमच वाढायला लागतात. त्यांतली एखादी पुढे निघते. ती मोठी होते तशी इस्ट्रोजेन आणि इनहिबिन ही दोन संप्रेरकं तयार करते आणि ती रक्तावाटे पियुषिकेला कळवतात की एफएसएच आता पुरे. एफएसएच उतरतं, मागे राहिलेल्या पुटिकांचं पोषण तुटतं आणि त्या जिरून जातात. पुढे निघालेली मात्र तगते, कारण तोवर तिच्या पेशी एलएच या दुसऱ्या संप्रेरकावर जगायला शिकलेल्या असतात. शेवटी एलएचची मोठी लाट येते, पुटिका फुटते आणि एक बीजांड बाहेर पडतं.

गारोल मेंढीत एफएसएचचा पूर येत असेल, असं आपल्याला सहज वाटेल. खरी गंमत वेगळीच आहे. पुटिकेतल्या पेशींना ‘इतक्यात पिकू नका’ असा निरोप खुद्द बीजांडाकडून मिळत असतो. तो निरोप घेणाऱ्या एका ग्राहक प्रथिनात गारोलमध्ये एका जागी बदल झालेला आहे. निरोप नीट पोचत नाही, म्हणून पुटिका लहान असतानाच पिकते आणि एलएचला प्रतिसाद द्यायला लागते. साध्या मेंढीची पुटिका फुटायच्या वेळी पाच मिलिमीटरांहून मोठी असते. हा बदल झालेला जनुक असलेल्या मेंढीची तीन-चार मिलिमीटरांतच तयार होते. लहान पुटिकेत पेशी कमी, म्हणून तिचं इस्ट्रोजेन आणि इनहिबिनही कमी. पियुषिकेला ‘पुरे’ म्हणायला अशा दोन-तीन पुटिका मिळून लागतात आणि तोवर त्या सगळ्याच तगलेल्या असतात. संप्रेरकांचा एकूण हिशेब जवळपास तोच राहतो, फुटणाऱ्या पुटिका मात्र वाढतात. मला यातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो.

हा जनुक आधी सापडला तो ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांत, म्हणून त्याला फेक-बी बुरूला म्हणतात. नेमका बदल २००१ साली न्यूझीलंड, फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या तीन गटांनी स्वतंत्रपणे शोधला. पुढच्याच वर्षी गारोलमध्येही तोच बदल असल्याचं दिसलं. १७९०च्या दशकात कलकत्त्याहून बंगाली मेंढ्या ऑस्ट्रेलियाला गेल्या होत्या, त्यांच्याबरोबरच तो तिकडे पोचला असावा.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं १९९०च्या दशकात गारोल आणून दख्खनीशी संकर सुरू केला. डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून अंगापिंडानं दख्खनी, पण जुळं देणारी ‘नारी सुवर्णा’ मेंढी घडवली. यात अडचण असते ती नराची. मेंढ्याला अंडाशय नाही, म्हणून त्याच्या अंगातला हा गुण डोळ्यांना दिसत नाही. डीएनए चाचणी येण्यापूर्वी एकच वाट होती: त्याच्या लेकी मोठ्या होईपर्यंत थांबायचं, मग पोटात बारीक दुर्बीण घालून अंडाशयावरचे पीतपिंड मोजायचे. फुटलेल्या प्रत्येक पुटिकेच्या जागी एक पीतपिंड उरतो; दोन दिसले, तर दोन बीजांडं सुटली. आता रक्ताच्या नमुन्यावरून काम होतं.

जनुकाच्या दोन्ही प्रती असलेला मेंढा कळपात सोडला, की त्याच्या प्रत्येक लेकीला एक प्रत मिळतेच, आणि वाड्यावरच्या मेंढीला एक प्रत पुष्कळ झाली. बुरूला मेंढ्यांत दोन प्रती असल्या तर तिळी आणि त्याहूनही जास्त कोकरं होतात. मेंढीला थानं दोनच.

जुळ्यांनाही जपावं लागतं. गर्भाची बरीचशी वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते, म्हणून त्या काळात गाभण मेंढीला चराईशिवाय थोडा खुराक हवा. व्याल्यावर दोन्ही कोकरांना पहिल्या काही तासांतच चीक मिळाला पाहिजे, आणि दुबळ्या कोकराला गरज पडली तर शेळीचं दूध बाटलीनं पाजावं.