पिवळा रंग कोणी दिला?

रविवारची दुपार. माझा सातवीतला भाचा आणि त्याचे तीन मित्र आमच्या जिन्याच्या पायऱ्यांवर मोबाईल घेऊन बसले होते. गेम रंगात आला होता. पडद्यावर बारीक डोळ्यांचे, पिवळ्या अंगरख्याचे एक पात्र पुढे आले तसा एकजण ओरडला, "अरे, त्या चिंक्याला घे आधी!" नेमकी त्याच वेळी आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी मिझोरामची नर्स ड्युटी संपवून जिना चढत होती. मुलांनी पाय आवरून तिला वाट दिली. ती काही बोलली नाही. वर गेली आणि दार लागल्याचा आवाज आला.

मी भाच्याला आत बोलावून झापले. तो म्हणाला, "मामा, आम्ही गेममधल्याला म्हटलं. तिला थोडंच म्हटलं?"

वकिली करून मला वीस वर्षे झाली. आरोपीचा बचाव मी लगेच ओळखतो. हेतू नव्हता, सबब गुन्हा नाही! गंमत अशी की, ज्या कंपन्या असे खेळ आणि अशी पात्रे तयार करतात त्यांचाही बचाव अनेक वर्षे हाच राहिला आहे. म्हणून हा लेख भाच्यासाठी आहे आणि ज्यांच्या घरात अशी मुले आहेत त्या सर्व वाचकांसाठीही आहे.

पहिला प्रश्न असा की, आशियाई माणूस पिवळा केव्हा झाला? सोळाव्या शतकात चीन-जपानला पोहोचलेल्या युरोपीय व्यापाऱ्यांनी आणि पाद्र्यांनी तेथील लोकांचे वर्णन बहुधा 'गोरे' असेच केले आहे. पुढे स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७३५ साली मानवजातीची चार गटांत विभागणी केली, तेव्हा आशियाई माणसापुढे त्याने 'सावळा' अशा अर्थाचा लॅटिन शब्द लिहिला. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने तो शब्द खोडला आणि 'फिकट, रोगट पिवळा' अशा अर्थाचा शब्द घातला. मधल्या तेवीस वर्षांत आशियातील माणसांची कातडी बदलली होती काय? बदलला तो फक्त कागद. १७९५ मध्ये जर्मनीच्या ब्लूमेनबाखने 'मंगोलियन' नावाचा वंश ठरवून त्याच्यावर पिवळ्या रंगाचा शिक्का कायमचा मारला.

लिनियस रंगावर थांबला नाही, ही गोष्ट अधिक महत्त्वाची. प्रत्येक रंगाबरोबर त्याने स्वभावही वाटून दिला. आशियाई माणूस लोभी, गर्विष्ठ आणि मतांच्या आहारी जाणारा. आफ्रिकी माणूस लहरीवर चालणारा. युरोपीय मात्र कल्पक! आधी रंग, रंगावरून स्वभाव आणि स्वभावावरून पायरी. ही उतरंड आमच्या वाचकांना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. रंग आणि वंश यांच्या नावाखाली माणसाची पायरी ठरवण्याचा हा खेळ बाबासाहेबांनी नेमका ओळखला होता. जातिव्यवस्था म्हणजे वंशांची विभागणी नव्हे, असे त्यांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त सांगितले आणि वर्ण म्हणजे कातडीचा रंग हा अर्थही १९४६ च्या शूद्रांवरील ग्रंथात नाकारला.

रंगाच्या या शिक्क्याने कायद्याच्या पुस्तकातही जागा मिळवली. अमेरिकेने १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केले. १८९५ मध्ये जर्मन सम्राट दुसरा विल्यम याने युरोपला 'पिवळ्या संकटा'पासून सावध करणारे चित्रच काढून घेतले. त्यानंतरचे अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल प्रत्येक विधी विद्यार्थ्याने वाचावेत. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा हा जपानी गृहस्थ न्यायालयापुढे आला. वीस वर्षे अमेरिकेत राहिलेला, तेथेच शिकलेला. त्याचे म्हणणे, माझी कातडी गोरी आहे, मला नागरिकत्व द्या. न्यायालय म्हणाले, गोरेपणा कातडीवर ठरत नाही, तो 'कॉकेशियन' वंशावर ठरतो. तीन महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, पंजाबचा भगतसिंग थिंद आला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात नोकरी केलेला शीख. तो म्हणाला, शास्त्र मला कॉकेशियन म्हणते, आता तरी द्या. तेच न्यायालय, निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सदरलँडही तेच. ते म्हणाले, शास्त्र बाजूला ठेवा, सामान्य माणूस तुम्हाला गोरा समजत नाही!

थिंदच्या बाजूने झालेला एक युक्तिवाद मात्र आपण विसरता कामा नये. लग्नसंबंधाच्या बाबतीत अमेरिकन गोरा कृष्णवर्णीयाकडे जसा पाहतो तसाच उच्चजातीय हिंदू इथल्या मूळच्या मंगोलवर्णी माणसाकडे पाहतो, म्हणून आम्हाला गोऱ्यांत धरा, असे सांगण्यात आले. म्हणजे स्वतःवरचा शिक्का पुसण्यासाठी खालच्याच्या कपाळावरचा शिक्का पुरावा म्हणून दाखवला! तो पुरावाही कामी आला नाही. त्या निकालानंतर अमेरिकेतील अनेक भारतीयांचे मिळालेले नागरिकत्वही काढून घेण्यात आले आणि पुढे १९४६ च्या कायद्यापर्यंत त्यांना थांबावे लागले.

आता खेळांकडे वळू. १९१३ साली आलेल्या इंग्रजी कादंबरीतील फू मांचू हा कपटी चिनी खलनायक पुढे चित्रपटांत गेला. १९३४ पासून चित्रमालिकेत निर्दय मिंग आला. नाव परग्रहाचे, चेहरा-मिशा मात्र चिनी. व्हिडिओ गेमचा जन्म झाला तेव्हा हा सारा माल तयारच होता. सुरुवातीच्या यंत्रांची स्मृती तुटपुंजी होती. पात्र थोड्याच ठिपक्यांत आणि मोजक्या रंगांत उभे करावे लागे. मग हा भारतीय आहे हे कसे दाखवायचे? १९८७ च्या 'पंच-आउट' या मुष्टियुद्धाच्या गेममध्ये ग्रेट टायगर नावाचा योद्धा आहे. गाव मुंबई. डोक्यावर रत्नजडित फेटा, आणि तो जादूने अदृश्य होतो! १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २' मधील धालसिम गळ्यात कवट्यांची माळ घालतो, हातपाय रबरासारखे ताणतो आणि तोंडातून आग ओकतो. ज्या मुंबईने गिरणी कामगार, हमाल, कारकून आणि क्रिकेटपटू घडवले तिचा प्रतिनिधी कोण, तर जादूगार!

हे दोन्ही खेळ जपानी कंपन्यांचे आहेत, हेही लक्षात घ्यावे. ज्याच्यावर पिवळा शिक्का बसला तोही संधी मिळताच दुसऱ्याच्या अंगावर शिक्का मारतो. थिंदच्या वकिलांनी जे न्यायालयात केले तेच येथे पडद्यावर झाले.

तुटपुंज्या स्मृतीची सबब १९८७ साली काही अंशी खरी होती. १९९२ च्या 'मॉर्टल कोम्बॅट'मध्ये एकाच निन्जाच्या चित्रीकरणाला पिवळा रंग देऊन एक योद्धा केला आणि निळा रंग देऊन दुसरा. श्रम आणि जागा वाचली, त्यात कोणाचा अपमानही नव्हता. परंतु यंत्रांची स्मृती हजारो पटींनी वाढली तरी ठसा तोच राहिला, तेव्हा दोष यंत्राचा कसा म्हणायचा? १९९७ च्या 'शॅडो वॉरियर'चा नायक लो वांग चीन आणि जपान यांची सरमिसळ होता, मोडके इंग्रजी बोलत होता आणि त्याचे नावसुद्धा अश्लील कोटी होती.

रंगाचे सर्वांत बोलके उदाहरण टीव्हीवरून खेळात आले. १९९३ मध्ये अमेरिकेत 'पॉवर रेंजर्स' ही मुलांची मालिका सुरू झाली आणि १९९४ मध्ये तिचे व्हिडिओ गेमही निघाले. पाच रंगांचे पाच वीर. त्यात काळा पोशाख कृष्णवर्णीय मुलाला आणि पिवळा पोशाख व्हिएतनामी वंशाच्या मुलीला. मालिका मुळात १९९२ च्या जपानी मालिकेवर बेतलेली होती. जपानमध्ये पाचही वीर जपानी होते, त्यामुळे पिवळ्या पोशाखाला तेथे वंशाचा अर्थच नव्हता. अमेरिकेत पोशाख तोच राहिला, आतली माणसे बदलली आणि लिनियसने दिलेला अर्थ कोणीही न बोलावता हजर झाला. आमच्या लक्षातच आले नाही, हे निर्मात्यांच्या बाजूचे म्हणणे. मालिकेच्या एका प्रमुख लेखकाने पुढे २०२५ मध्ये एका माहितीपटात ती चूक होती, असे मान्य केले. मला त्यांचे म्हणणे खोटे वाटत नाही. त्यांच्या लक्षात आले नसेलच. पूर्वग्रह इतका अंगवळणी पडलेला असतो की तो पूर्वग्रह आहे हेच कळत नाही. आपल्याकडे घरोघरी कॅरम खेळताना काळी सोंगटी १० ची, पांढरी २० ची आणि राणी ५० ची धरतात. काळी निम्म्या किमतीची का, असे लहानपणी आपण तरी कधी विचारले?

मग पिवळा रंग वर्ज्य करायचा काय? मुळीच नाही. चिनी लोक आपला आद्य पुरुष म्हणून पीत सम्राटाचे नाव घेतात. पिवळा हा तेथे राजवस्त्राचा रंग. बीजिंगच्या पारंपरिक नाट्यात काळा चेहरा बाओ या निःस्पृह न्यायाधीशाचा आणि पांढरा चेहरा कपटी त्साओ त्साओचा! 'डायनॅस्टी वॉरियर्स' या गेममालिकेत वेई राज्य निळे, शू हिरवे, वू तांबडे आणि बंडखोर पिवळ्या मुंडाशाचे. हे पिवळे मुंडासे कोणा युरोपीय पंडिताने बांधलेले नाही. इसवी सन १८४ मध्ये हान राजवटीविरुद्ध उठलेल्या शेतकऱ्यांनी ते स्वतः डोक्याला बांधले होते. रंग एकच, एकीकडे तो माणसाने स्वतः निवडलेला झेंडा आहे, तर दुसरीकडे परक्याने डकवलेली चिठ्ठी. अमेरिकन कंपनीने २०२० मध्ये काढलेला 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' हा गेम त्या बेटाचा इतिहास आणि निसर्ग आदराने मांडतो. २०२१ मध्ये त्सुशिमाच्या प्रशासनाने त्याच्या दोन दिग्दर्शकांना आपले पर्यटनदूत नेमले. म्हणजे परक्याने दुसऱ्याचे चित्र काढूच नये असे नाही. ज्याचे चित्र काढतो त्याला माणूस म्हणून जाणून घ्यावे, एवढीच अपेक्षा आहे.

"अहो, खेळ तो. एवढे काय मनावर घ्यायचे?" असे म्हणणारे अनेक भेटतील. त्यांनी पडद्याबाहेरची नोंद पाहावी. १९८२ मध्ये अमेरिकेत डेट्रॉईटजवळ व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाला दोघांनी बेसबॉलच्या दांड्याने मारून ठार केले. जपानी मोटारींमुळे आमच्या नोकऱ्या गेल्या, हा राग. राज्य न्यायालयाने त्यांना तुरुंगात न पाठवता परिवीक्षा आणि ३,००० डॉलर दंड एवढ्यावर सोडले. चिनी आणि जपानी यातला फरकही मारणाऱ्यांना करावासा वाटला नाही. सगळे एकाच रंगाचे!

आणि आपला देश? जानेवारी २०१४ मध्ये अरुणाचलचा निदो तानिया दिल्लीत मारहाणीनंतर मेला. सुरुवात त्याच्या केसांच्या आणि दिसण्याच्या चेष्टेतून झाली होती. मार्च २०२० मध्ये दिल्लीत मणिपुरी तरुणीवर 'कोरोना' म्हणत थुंकण्यात आले. मे २०२१ मध्ये तर गेमवरूनच वाद झाला. पबजी नव्या नावाने भारतात येत होता, त्याला अरुणाचलचे आमदार निनोंग एरिंग यांनी विरोध केला. त्यावर लुधियानाच्या एका यूट्यूबरने त्यांना भारतीयच मानायला नकार दिला आणि अरुणाचल चीनमध्ये असल्याचे सांगितले. त्याला अटक झाली. लोकांनी निवडून दिलेला आमदारसुद्धा चेहऱ्यावरून परका ठरतो, तेथे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या नर्सची काय कथा?

कायद्याची स्थितीही सांगतो. २०१२ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना कळवले की ईशान्येकडील अनुसूचित जमातीच्या व्यक्तीचा असा अपमान झाल्यास अत्याचार प्रतिबंधक कायदा लावावा. म्हणजे आपल्या संघर्षातून उभा राहिलेला १९८९ चा कायदा तिच्याही कामी येतो. परंतु जी व्यक्ती अनुसूचित जमातीत नाही तिला हे कवच नाही. निदोच्या मृत्यूनंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने दंड संहितेत वांशिक अपमानासाठी वेगळी कलमे घालण्याची शिफारस केली होती. ती कलमे आली नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही वांशिक शिवीसाठी असे स्वतंत्र कलम नाही. ही मागणी ईशान्येच्या लोकांनी एकट्याने का करावी? जातिवाचक शिवी कशी लागते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी त्यांच्या बाजूला उभे राहिले पाहिजे.

हे सारे मी भाच्याला त्याला समजेल अशा शब्दांत सांगितले. शेवटी त्याला एकच विचारले: कोणी गेममध्ये आपल्या जातीच्या नावाने पात्र काढले, तुझे मित्र तुझ्यासमोर त्याला ती शिवी घालून मारू लागले आणि म्हणाले, "तुला थोडंच म्हटलं?" तर? तो गप्प बसला.

संध्याकाळी आम्ही दोघे वर गेलो. तो माफी मागताना अडखळला. तिने त्याला आत बोलावून खुर्ची दिली. मग त्याने विचारले, "ताई, तुमचं नाव काय?"

तीन वर्षे ती आमच्या वर राहते आहे. ते नाव मलाही ठाऊक नव्हते.