मक्केच्या डोक्यावरचं घड्याळ

जेद्दाहून मक्केकडे निघालेल्या बसमध्ये एकाचं लक्ष जातं आणि सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळतात. शहर अजून डोंगरांआड असतं, पण घड्याळ दिसू लागलेलं असतं. इहरामच्या पांढऱ्या कपड्यांतल्या यात्रेकरूंचा ‘लब्बैक’चा घोष इथे चढतो. मक्का खोलगट दरीत वसलेली आहे. पूर्वी शहरात शिरेपर्यंत तिचा पत्ता लागत नसे. आता ६०१ मीटर उंचीचा मनोरा तो दुरूनच देतो.

या संकुलाचं नाव अबराज अल-बैत. सात उत्तुंग इमारती काबाभोवतीच्या मशीद-ए-हरामच्या, म्हणजेच हरमच्या, अगदी दारात, रस्ता ओलांडावा इतक्या अंतरावर उभ्या आहेत. काम २०१२ साली पुरं झालं, पण मधल्या मनोऱ्यावरचं घड्याळ २०१०च्या रमजानमध्येच सुरू झालं होतं. लंडनच्या बिग बेनची तबकडी सुमारे सात मीटरची, ही ४३ मीटरची. मिनिटकाटाच २३ मीटरच्या आसपास. एवढा काटा उंचावरच्या वाऱ्यात फिरवायचा, म्हणून तो कार्बन फायबरचा केला. यंत्रणा जर्मनीतल्या पेरो कंपनीची, तर वरच्या भागाची रचना महमूद बोडो राश या जर्मन वास्तुविशारदाच्या कार्यालयाची. अजानच्या वेळी शिखरावर हिरवे-पांढरे दिवे लखलखतात. ऐकू न येणाऱ्यालाही नमाजची वेळ कळावी, ही त्यामागची कल्पना मला फार आवडते.

मक्केत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही, त्यामुळे बहुतेक मराठी वाचकांनी हा मनोरा छायाचित्रांतच पाहिला असेल. छायाचित्रात त्याची उंची कळते, पायथ्याची गर्दी कळत नाही. खाली अनेक मजल्यांचा मॉल आहे. अत्तर, तसबीह, सोनं, खजूर, बर्गर, सगळं एका छताखाली. अजान झाली की शटर खाली येतात आणि लोक सरकत्या जिन्यांच्या तोंडाशीच मुसल्ला अंथरतात. बाहेर हरमच्या अंगणातल्या सफा, म्हणजे नमाजच्या रांगा, वाढत वाढत दारापर्यंत आलेल्या असतात. संकुलातल्या हॉटेलांच्या खोल्यांत हरमच्या इमामांचा आवाज थेट ऐकू येतो. मात्र खोलीतच उभं राहून त्यांच्यामागे नमाज पढली तर ती जमातीतली, म्हणजे सामूहिक, धरायची का, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. सफ जोडलेली हवी, असं अनेकांचं म्हणणं. काचेआडून काबा दिसणं आणि खांद्याला खांदा लावून उभं राहणं यातला फरक त्या वादात नेमका सापडतो.

वर जायची सोय आहे. मनोऱ्याच्या माथ्यावर २०१९ साली संग्रहालय सुरू झालं. माणसाने सूर्य-चंद्रावरून वेळ कशी मोजली, इथपासून या घड्याळाच्या यंत्रणेपर्यंतची मांडणी तिथे आहे. तबकडीखालच्या सज्जातून तवाफ करणारी, म्हणजे काबाला प्रदक्षिणा घालणारी माणसं ठिपक्यांसारखी दिसतात. मी कुणालाही सांगेन, की आधी खालच्या संगमरवरावर अनवाणी चाला. कडक उन्हातही तो पांढरा ग्रीक दगड पायाला गार लागतो. हाजींची तिथे घेतलेली काळजी वरून दिसत नाही.

या जागी पूर्वी टेकडी होती आणि तिच्यावर अठराव्या शतकातला अजयाद हा तुर्की किल्ला. २००२ साली किल्ला पाडला, टेकडीही सपाट केली. तुर्कस्तानने जाहीर निषेध केला. हाजींना राहायला जागा हवी, हे सौदी सरकारचं उत्तर. ते खोटं म्हणता येत नाही. २०२४च्या हजला अठरा लाखांहून अधिक लोक आले होते, आणि उमरासाठी वर्षभर रीघ असते ती वेगळीच.

पण जागा कोणाला मिळाली? हे संकुल कागदोपत्री वक्फ आहे, राजे अब्दुलअझीझ यांच्या नावाचं. उत्पन्न दोन्ही पवित्र मशिदींसाठी. म्हणजे हेतू धर्मादाय, पण काबा दिसणाऱ्या खोलीचं भाडं सामान्य हाजीच्या आवाक्याबाहेरचं. भारतीय हज कमिटीतर्फे जाणारे बहुतेक लोक काही किलोमीटर दूर अझीझियात उतरतात आणि बसने हरमला येतात. ज्यांनी आयुष्यभर पै-पै साठवली त्यांनी लांब राहायचं, हे मला सलतं.

वक्फाची दुसरी रीत मक्केत जुनी आहे. हैदराबादच्या निजामांनी एकोणिसाव्या शतकात आपल्या प्रजेसाठी तिथे रुबात, म्हणजे मोफत मुक्कामाची घरं केली. हरमच्या विस्तारात जुन्या इमारती गेल्या, त्यांच्या बदल्यात दुसऱ्या आल्या, पण सोय टिकली. संस्थान संपूनही तिचा हक्क जुन्या हैदराबाद राज्यातल्या हाजींकडेच राहिला. त्यात तेलंगणाबरोबर मराठवाड्याचे जिल्हेही येतात. इच्छुक जास्त, जागा थोड्या, म्हणून चिठ्ठ्या टाकून नावं निघतात. नाव निघालं की मक्केतल्या मुक्कामाचं भाडं वाचतं.