समुद्र मागाच्या खड्ड्यात उतरतो तेव्हा...

खासबाग, वडगाव, शहापूर भागातल्या विणकरांच्या घरी पाऊस मोजायचे एक घरगुती साधन असते. मागाचा खड्डा! आठवडाभर झड लागली की जमीन पाझरू लागते. कौले शाबूत, उंबरठ्यावर टिपूस नाही, आणि खड्ड्यात मात्र घोटाभर पाणी. माग बंद, सूत दमट, आणि घरातली बाई पातेल्याने पाणी उपसत बसलेली. ऑगस्ट २०१९ च्या त्या दिवसांत आमच्या शेजारच्या अज्जी सारख्या एकच विचारत होत्या, "एल्लिंद बंत ई नीर?" कुठून आले हे पाणी?

अज्जींच्या या साध्या प्रश्नाचे उत्तर पार आफ्रिकेपर्यंत जाते. पावसाळ्यात हिंद महासागरावरून निघालेला वारा विषुववृत्त ओलांडतो, सोमालियाच्या किनाऱ्यापाशी वळण घेतो आणि अरबी समुद्रावरून आपल्याकडे धावत सुटतो. सुमारे दीड किलोमीटर उंचीवर त्याचा जोर सर्वाधिक असतो. हवामानशास्त्रज्ञ त्याला सोमाली झोत म्हणतात. वाटेत तो समुद्राची वाफ उचलत येतो. नदीच म्हणा ना, फक्त तिला काठ नाहीत! ही नदी सह्याद्रीला थडकते, वर चढते, वर गेल्यावर गार होते आणि वाफेचे पाणी होऊन कोसळते. म्हणूनच आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बेळगावात तेराशेच्या घरात आणि अथणीकडे जेमतेम पाच-सहाशे. अंतर पाहाल तर दीडशे किलोमीटरच्या आतले.

पण पूर अथणीलाही येतो. हिरण्यकेशी उगम पावते आंबोलीत, मलप्रभा कणकुंबीला. दूधगंगा, वेदगंगाही त्याच डोंगरातल्या. घाटात पडलेले पाणी या नद्या पूर्वेकडे वाहून नेतात. त्यामुळे डोक्यावर ऊन आणि शेतात कृष्णेचे पाणी, असा विचित्र प्रकार तिथल्या लोकांनी अनेकदा पाहिला आहे.

आता कोणी म्हणेल, वारा तर दरवर्षीचाच, मग महापूर एखाद्याच वर्षी का? त्याची किल्ली उलट्या दिशेला, बंगालच्या उपसागरात सापडते. तिकडे ओडिशाजवळ कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले की ते पश्चिमेकडचा वारा जणू ओढून घेते. सोमाली झोत बळावतो आणि घाटावर वाफेचा मारा वाढतो. ७ ऑगस्ट २०१९ रोजी अशीच एक तीव्र प्रणाली ओडिशाच्या किनाऱ्यावर आली, आणि त्याच सुमारास आपल्याकडे आश्लेषाच्या पावसाने हाहाकार उडवला. नद्या आधीच भरलेल्या, जमीन पिऊन तृप्त. अशा वेळी एका एकरावर शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे चार लाख लिटर पाणी, आणि मुरायला जागा नाही! बळ्ळारी नाल्याकाठची भातशेती बुडाली की वडगाव-शहापूरचा शेतकरी हाच हिशेब डोळ्यांनी पाहतो. शिरोलीजवळ पंचगंगेचे पाणी आले आणि पुणे-बेंगळूर महामार्ग बंद पडला. जुलै २०२१ मध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेने तोच रस्ता अडवला.

पूर आला की आपल्या घरांत भांडणही येते. सासर निपाणीत, माहेर सांगलीत. एकजण म्हणतो अलमट्टीचे दरवाजे उघडले नाहीत, दुसरा म्हणतो कोयनेतून सोडले. महाराष्ट्र सरकारच्या वडनेरे समितीने २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुराला अलमट्टी जबाबदार नसल्याचे म्हटले. धरणातून पाणी कधी, किती सोडायचे हा प्रश्न खराच आहे, दोन्ही राज्यांनी त्याचे उत्तर द्यायलाच हवे. पण आधी आभाळाकडे पाहायचे सोडून आपण एकमेकांकडे बोट दाखवतो, हे काही बरे नाही.

आभाळही आता पूर्वीचे राहिलेले नाही. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणारा अतिपाऊस तिपटीने वाढला, आणि त्याची मुळे अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांच्या चढउतारात आहेत. आपला जिल्हा त्या पट्ट्याच्या दक्षिणेला पडतो, पण समुद्र तोच.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. उपसागरातली प्रणाली किनाऱ्याला लागण्याआधी हवामान खाते एक-दोन दिवस तरी सांगत असते. तेवढ्यात सुताची पुडकी माळ्यावर चढतात, यमगर्णीवरून जायचा बेत पुढे ढकलता येतो. अज्जी हल्ली बातम्यांत ओडिशाचे नाव आले की नातवाला आवाज मोठा करायला लावतात, आणि बातमी संपायच्या आत शिडी मागतात.