खुबा बदलल्यावर पाय लांब-आखूड वाटतो तेव्हा

खुब्याचा सांधा बदलला की वर्षानुवर्षांचे दुखणे थांबते. रुग्ण उभा राहतो, चालू लागतो आणि मग घरात नवीच तक्रार सुरू होते : “ऑपरेशन केलेला पाय लांब झाला.” कुणी घाबरून दुसऱ्याच आठवड्यात चपलेला जाड तळ लावून घेतो. कुणाला लंगडणे लोकांच्या नजरेत येण्याची लाज वाटते, तो घराबाहेर पडायचेच सोडतो. दोन्हींत नुकसान आहे. म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे.

खुबा झिजतो कशामुळे?

वय, संधिवात, स्टेरॉइड औषधांचा दीर्घकाळ वापर आणि दारू ही नेहमीची कारणे. सिकलसेल आजारात मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून तो खचतो, तेही तरुण वयात. जुनी दुखापत हे आणखी एक कारण. औसा तालुक्यातील किल्लारी परिसराने ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप सोसला आहे. अशा अपघातात खुब्याला मार बसला, तर त्याचा सांधा पुढे कित्येक वर्षांनीही झिजू शकतो. झिजलेल्या सांध्याचा पाय हळूहळू आखूड होतो आणि शरीर त्या आखूडपणालाच सरावते.

फरक का पडतो?

शस्त्रक्रियेत झिजलेला गोळा काढून कृत्रिम गोळा आणि वाटी बसवतात. नवा सांधा निखळू नये यासाठी भोवतीचे स्नायू पुरेसे ताणलेले असावे लागतात. तो ताण साधताना कधी कधी पाय थोडा लांब ठेवावा लागतो. सुमारे १ सेंटिमीटरपर्यंतचा फरक बऱ्याच रुग्णांत राहतो आणि बहुतेकांना तो पुढे जाणवतही नाही. फरक २ सेंटिमीटरच्या पुढे गेला तर मात्र लंगडणे आणि कंबरदुखी मागे लागू शकते.

खरा फरक आणि भासणारा फरक

हे दोन्ही वेगळे आहेत आणि सगळे उपचार याच भेदावर ठरतात.

खऱ्या फरकात हाड आणि कृत्रिम सांधा मिळून होणारी लांबीच कमी-जास्त असते. भासणाऱ्या फरकात दोन्ही पाय मोजायला सारखे असतात, पण आखडलेल्या स्नायूंमुळे कमरेचे हाड एका बाजूला कलते आणि त्या बाजूचा पाय लांब वाटतो. पाठीचा कणा ताठर किंवा वाकडा असेल, तर असा भास जास्त काळ टिकतो. पहिल्या महिन्यांत दिसणारा फरक पुष्कळदा याच प्रकारचा असतो. व्यायामाने तो साधारण ३ ते ६ महिन्यांत कमी होतो.

कोणता फरक आहे हे नुसते पाहून सांगता येत नाही. डॉक्टर कमरेच्या पुढच्या हाडापासून घोट्यापर्यंत टेपने मोजतात, आखूड पायाखाली लाकडी ठोकळे ठेवून कंबर सरळ होते का ते पाहतात आणि दोन्ही खुबे दिसतील असा एक्स-रे काढतात.

पहिले सहा महिने

या काळात डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चपलेला उंची लावू नका. कंबर कललेली असताना उंची दिली, तर कललेलीच स्थिती कायम होते.

लांब वाटणाऱ्या पायाचा गुडघा वाकवून उभे राहण्याची सवय लागते, ती मोडा. डॉक्टरांनी पूर्ण भार द्यायला परवानगी दिली असेल, तर दोन्ही पायांवर सारखे वजन द्या. झोपताना गुडघ्याखाली उशी ठेवू नका, त्याने खुबा वाकलेल्या स्थितीत आखडतो. काठी ऑपरेशन झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. मनाने पाय ओढू-ताणू नका, नवा सांधा निखळू शकतो.

उंची लावायची तर कशी?

खरा फरक ठरला आणि त्रास होत असला, तर उंची आखूड पायाला लावायची. ऑपरेशनचा पाय लांब झाला असेल, तर ती चांगल्या पायाला लागते. इथेच अनेकांचा गोंधळ होतो. सुरुवातीलाच पूर्ण फरक भरून काढत नाहीत. साधारण निम्म्यापासून सुरू करून सवय होईल तसे वाढवतात. १ सेंटिमीटरपर्यंतचा तळवा बुटाच्या आत बसतो. त्याहून जास्त उंची बाहेरून, तळाला लावून घ्यावी लागते. डॉक्टरांकडून माप लिहून घेतले, तर पादत्राणे करणारा गावातील चांगला कारागीरही हे काम करू शकतो.

आपल्याकडची खरी अडचण पुढे येते. आपण घरात अनवाणी वावरतो. बाहेर तासभर उंची आणि घरात दिवसभर काहीच नाही, तर उपयोग काय? म्हणून घरात वापरायला तेवढ्याच उंचीचा, मागे पट्टा असलेला वेगळा जोड ठेवा. विहारातही स्वच्छ, वेगळा जोड न्यायला संकोच नको. वंदनेला खुर्चीवर बसावे, पंचांग प्रणामाऐवजी हात जोडावेत. विहाराच्या समितीने दोन-चार खुर्च्या कायम ठेवल्या, तर कुणालाही मागावी लागणार नाही.

ताबडतोब दवाखाना गाठा

अचानक तीव्र वेदना होऊन पाय आखूड किंवा वळलेला दिसला, पायावर भार देता येईना, पाऊल वर उचलेना, पायाला बधिरपणा आला, ताप आला किंवा जखमेतून स्राव आला, तर थांबू नका. काही वर्षांनी पाय हळूहळू आखूड होऊ लागला, तर सांधा सैल झाल्याची शंका घ्यावी आणि एक्स-रे काढावा.

नुसत्या लांबीसाठी पुन्हा शस्त्रक्रिया करणे हा शेवटचा उपाय आहे. दुसऱ्या खुब्याचीही शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर फरकाचा विचार त्या वेळी करता येतो.

शस्त्रक्रियेआधी विचारा

आधीपासून पाय किती आखूड आहे, पाठीचा त्रास आहे का, हे डॉक्टरांना सांगा. नंतर किती फरक राहू शकतो, तेही विचारा. लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथील अस्थिरोग विभागात तपासणी करून घेता येईल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारावे. सगळे जुने एक्स-रे एका पिशवीत जपून ठेवा. पुढचा प्रत्येक डॉक्टर तेच आधी मागणार आहे.